किमान दहा एकर, कमाल दहा एकर : भूमापक जोसेफ ट्रच यांचे प्रकरण

१८६७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश कोलंबिया या, आज कॅनडाचा प्रांत असलेल्या, वसाहतीच्या जमीन व बांधकाम खात्याचे प्रमुख आयुक्त जोसेफ विल्यम ट्रच यांनी फ्रेझर नदीच्या खालच्या खोऱ्यातील मूलनिवासींच्या राखीव जमिनींविषयी सरकारला एक अहवाल सादर केला. अहवाल फार मोठा नाही. मूलनिवासी ज्या जमिनींवर हक्क सांगतात त्यांवर त्यांचा खरोखर काही हक्क नाही, त्या जमिनी त्यांच्या प्रत्यक्ष उपयोगाच्याही नाहीत, आणि वसाहतीच्या सर्वसाधारण हिताला बाधा आणून त्यांनी त्या का राखून ठेवाव्यात किंवा सरकारला वा खाजगी माणसांना विकून पैसा का करावा, हे आपल्याला समजत नाही, असा त्याचा आशय होता. या जमिनींच्या हद्दी तीनच वर्षांपूर्वी सरकारनेच नेमलेल्या भूमापकाने कोपऱ्या-कोपऱ्यावर खुंट ठोकून आखून दिल्या होत्या. ट्रच यांच्या अहवालानंतर त्या हद्दी नव्याने मोजल्या गेल्या आणि हजारो एकर जमीन राखीव क्षेत्रांतून बाहेर पडली.

जमीन बळकावण्याच्या कथा एकोणिसाव्या शतकात जगभर आढळतात, तेव्हा हेच प्रकरण अभ्यासाला का घ्यावे, असा प्रश्न पडू शकतो. मला ते घ्यावेसे वाटले याचे कारण असे की येथे लढाई झाली नाही, तह झाला नाही, जप्तीचा मोठा कायदाही झाला नाही. कुटुंबामागे दहा एकर हा एक आकडा सरकारी कागदात पूर्वीपासून होता. तो आकडा तसाच राहिला; मात्र ज्याला आधी ‘याहून कमी नको’ असा अर्थ होता, त्याला ‘याहून जास्त नाही’ असा अर्थ दिला गेला. हा अर्थ देणारा माणूस परदेशातून आलेला मोजणीदार होता, आणि मोजणीच्या कामातूनच तो राज्यकर्त्यांच्या पंगतीला जाऊन बसला. त्या माणसाचे आयुष्य आणि त्या आकड्याचा प्रवास एकत्र वाचल्याशिवाय दोन्हींचा उलगडा होत नाही.

सॉमरसेट ते व्हिक्टोरिया

ट्रच यांचा जन्म १८२६ साली इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील अ‍ॅशकॉट या गावी झाला. वडिलांचे हितसंबंध जमैकात होते आणि मुलाच्या बालपणाची काही वर्षे तेथेच, गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यांच्या परिसरात गेली. पुढे कुटुंब इंग्लंडला परतले. एक्सेटरला शालेय शिक्षण झाल्यावर ट्रच यांनी सर जॉन रेनी या नामांकित स्थापत्य अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी केली आणि रेल्वेच्या कामांवर अनुभव मिळवला. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियातील सोन्याच्या बातमीने जे हजारो तरुण निघाले त्यांत तेही होते. सोन्यात त्यांचे नशीब उघडले नाही, पण उत्तरेला ऑरेगन प्रदेशात मोजणीदारांना भरपूर मागणी होती आणि त्या विद्येने त्यांना आयुष्यभर हात दिला.

ऑरेगनमध्ये ते तेथील पहिले सर्व्हेअर जनरल जॉन प्रेस्टन यांच्या हाताखाली काम करू लागले. १८५५ मध्ये त्यांनी प्रेस्टन यांच्या मेहुणीशी, ज्युलिया हाइड यांच्याशी विवाह केला. नंतर काही वर्षे इलिनॉयमध्ये कालव्याच्या कामावर काढून, लंडनमार्गे, १८५९ मध्ये ते व्हँकूव्हर बेटावरील व्हिक्टोरियाला आले. ऑरेगनमधील काळ त्यांच्या घडणीत फार महत्त्वाचा आहे. तेथे अमेरिकी काँग्रेसने १८५० मध्येच गोऱ्या वसाहतकारांना जमिनी वाटण्याचा कायदा केला होता आणि मूलनिवासींशी करार पक्के होण्याआधीच वाटप सुरू झाले होते. आधी चौकोन आखायचे, माणसे बसवायची आणि जुन्या रहिवाशांचे काय ते नंतर पाहायचे, हा क्रम ट्रच यांनी तेथे कामाचा भाग म्हणून पाहिला. १८५० मधील एका घरगुती पत्रात त्यांनी तेथील मूलनिवासींना कुरूप आणि आळशी म्हटले आणि त्यांची भीती वाटायची तर आपल्या कुत्र्यांचीही वाटावी, असे लिहिले. तेव्हा त्यांचे वय चोविशीचे होते. वयाबरोबर हे मत निवळले असे दाखवणारा एकही कागद माझ्या वाचनात आलेला नाही. पुढची सरकारी भाषा अधिक सभ्य आहे, इतकेच.

मोजणीदाराच्या हातातले साधन येथे जवळून पाहायला हवे. गंटरची साखळी ६६ फुटांची आणि १०० कड्यांची असते. अशा ८० साखळ्यांचा एक मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत हिच्याच निम्म्या लांबीची, ३३ फुटांची साखळी रूढ झाली, तिचे सोळा आणे पाडले गेले, आणि तिच्या एका चौरसाला आपण आजही गुंठा म्हणतो. म्हणून एकराचा हिशेब मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. दोन माणसे साखळी धरतात. पुढचा ती ताणून टोकाशी लोखंडी सळई रोवतो, मागचा तेथवर येऊन ती उपटून घेतो, आणि शेवटी हातात जमलेल्या सळया मोजल्या की अंतर निघते. ओढा, झुडुपे, पुरलेली हाडे, बेरी पिकणारी टेकडीची बाजू यांतले काहीही सळयांच्या मोजणीत येत नाही. साखळीचा तो दोष म्हणता येणार नाही, कारण तिच्याकडून तेवढीच अपेक्षा असते. पण पुढे ज्याच्या हाती धोरण येते, त्याला साखळीपलीकडचे दिसावे लागते.

व्हिक्टोरियाला आल्यावर ट्रच यांनी सरकारी ठेक्यांवर फ्रेझरच्या खालच्या खोऱ्यात चौकोनी गट पाडले, कॅरिबूच्या सोनखाणींकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक अवघड टप्पा बांधला, आणि १८६३ मध्ये फ्रेझरच्या अरुंद दरीवर अलेक्झांड्रा झुलता पूल उभा केला. त्या दरीत नदी दोन्ही बाजूंच्या कड्यांना घासत वाहते, आणि तिच्यावरून अवजड मालगाड्या नेणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पुलावर जकात बसली आणि ती ट्रच यांना मिळू लागली. अभियंता म्हणून त्यांची योग्यता निर्विवाद होती, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे. दरम्यान १८६१ मध्ये ते व्हँकूव्हर बेटाच्या विधानसभेवर निवडून आले होते. १८६४ मध्ये नवे गव्हर्नर फ्रेडरिक सीमोर यांनी त्यांना जमीन व बांधकाम खात्याचे प्रमुख आयुक्त नेमले. पाच वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेला माणूस आता संपूर्ण वसाहतीतील जमिनीचा हिशेब ठेवू लागला होता.

डग्लस यांची व्यवस्था आणि तिच्यातली फट

सीमोर यांच्याआधी गव्हर्नर होते जेम्स डग्लस. ते हडसन बे कंपनी या ब्रिटिश कंपनीच्या फरच्या व्यापारातून वर आले होते आणि त्यांची पत्नी अमेलिया यांची आई मूलनिवासी क्री समाजातील होती. १८५० ते १८५४ या काळात डग्लस यांनी व्हँकूव्हर बेटावर मूलनिवासींशी १४ करार करून मोबदला दिला होता. नंतर पैसा संपला. १८६१ मध्ये जमिनीवरील मूळ हक्क विकत घेण्यासाठी लंडनकडे कर्ज मागितले गेले, तेव्हा हे वसाहतीने आपल्या खर्चाने करावे, असे उत्तर आले. त्यानंतर डग्लस यांनी करारांचा मार्ग सोडला आणि राखीव क्षेत्रे आखून देण्याचा मार्ग धरला. गावे, शेते, दफनभूमी, मासेमारीच्या जागा यांपैकी जे लोक दाखवतील ते आखून द्यावे, आणि त्याचे क्षेत्र कुटुंबामागे दहा एकर भरत नसेल तर तेवढे भरेपर्यंत वाढवावे, असे त्यांचे सूत्र होते. दहा एकर हा तळ होता.

या कामावर १८६४ मध्ये विल्यम मॅकॉल यांना फ्रेझरच्या खालच्या खोऱ्यात पाठवले गेले. ते पूर्वी रॉयल इंजिनिअर्स या लष्करी तुकडीत सार्जंट होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी खात्याला कळवले की लेखी सूचनांखेरीज सर जेम्स डग्लस यांनी आपल्याला तोंडी आदेशही दिले होते : मूलनिवासी ज्या जमिनींवर हक्क सांगतील त्या सर्व राखीव क्षेत्रात घ्याव्यात, त्यांना हवी तेवढी जमीन द्यावी, आणि कोणतेही क्षेत्र १०० एकरांहून लहान ठेवू नये. त्याप्रमाणेच हद्दी आखल्या आहेत, असेही त्यांनी लिहिले. त्या खोऱ्यातील मूलनिवासी स्टोःलो लोकांच्या गावांभोवती खुंट रोवले गेले. लोकांनी ते पाहिले, आणि हे सरकारचे वचन आहे असे मानले. तसे मानण्यात त्यांची काही चूक नव्हती.

या व्यवस्थेतली फट मात्र मोठी होती. आदेशाचा महत्त्वाचा भाग तोंडी होता. क्षेत्रांना कायद्याचा भक्कम आधार दिलेला नव्हता. मॅकॉल यांचे काम पुरे होण्याच्या सुमारास डग्लस निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी मॅकॉल यांचे निधन झाले. डग्लस यांच्या उदारपणाविषयी पुष्कळ लिहिले जाते व त्यातले बरेचसे खरेही आहे, परंतु मला त्यांच्याकडून घडलेली ही हयगय गंभीर वाटते. ज्यांच्यावर आयुष्यभर राज्य केले त्यांना दिलेला शब्द आपल्या माघारी कोणत्या कागदावर उभा राहील, याची तजवीज त्यांच्यासारख्या मुरलेल्या प्रशासकाने करायलाच हवी होती.

आकडा उलटतो

सुरुवात खालच्या खोऱ्यात झाली नाही, ती आतल्या भागात कॅमलूप्स परिसरात झाली. तेथे विल्यम कॉक्स या अधिकाऱ्याने १८६२ मध्ये सेक्वेपेम्क लोकांसाठी, ज्यांना तेव्हा शूस्वॉप म्हणत, विस्तीर्ण क्षेत्रे आखून दिली होती. १८६५ मध्ये फिलिप निंड या दुसऱ्या अधिकाऱ्याने वर तक्रार केली की हे लोक मैलोन्‌मैल चांगली जमीन अडवून बसले आहेत, तिचा उपयोग करत नाहीत, आणि त्यामुळे वसाहतकारांची पावले तेथे वळत नाहीत. कोरड्या, गवताळ भागात जमिनीचा उपयोग गुरे व घोडी चारण्यासाठी होतो, आणि चरण्याला विस्तार लागतो. आपल्याकडील गायरान ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजायला अवघड नाही. पण नांगर दिसला नाही की जमीन पडीक, अशी त्या काळच्या वसाहतवादी कायद्याची आणि मनाची धारणा होती. ट्रच यांनी तक्रार उचलून धरली. १८६६ मध्ये कॅमलूप्स आणि शूस्वॉप येथील क्षेत्रे कापली गेली.

१८६७ च्या अहवालात ट्रच यांनी फ्रेझरच्या खालच्या खोऱ्यासाठी दोन मार्ग मांडले. पहिला मार्ग असा की मॅकॉल यांना अशी क्षेत्रे आखण्याचा अधिकारच नव्हता असे ठरवून ती साफ नाकारावीत आणि दहा एकरांच्या हिशेबाने पुन्हा मोजणी करावी. दुसरा असा की मूलनिवासींशी बोलणी करून, मोबदला देऊन जास्तीची जमीन परत घ्यावी. पहिला मार्ग आदल्या वर्षी कॅमलूप्सला वापरलाच होता, याचा दाखला त्यांनी दिला. आपणच एक वर्षापूर्वी पाडलेला पायंडा पुढच्या निर्णयाचा आधार म्हणून पुढे करण्याची ही पद्धत ज्यांनी सरकारी फायली वाचल्या आहेत त्यांच्या ओळखीची असेल. दुसऱ्या मार्गात एक अडचण होती : मोबदला देणे म्हणजे हक्क मान्य करणे. म्हणून तो मार्ग बाजूला पडला.

मॅकॉल यांनी सूचनांचा विपरीत अर्थ लावला, असे ट्रच यांचे म्हणणे होते. मॅकॉल हयात नव्हते. डग्लस मात्र हयात होते आणि व्हिक्टोरियातच राहत होते. तुम्ही तोंडी काय सांगितले होते, ही एक साधी विचारणा त्यांच्या घरी पाठवता आली असती, आणि पुढे १८७४ मध्ये विचारणा झाली तेव्हा त्यांनी सरळ उत्तरही दिले. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत अधिक खटकते ते हेच. पुराव्याचा अभाव होता म्हणून निर्णय चुकला, असे येथे म्हणता येत नाही. पुरावा चालत जाण्याइतक्या अंतरावर होता.

१८६८ मध्ये नवी मोजणी झाली. तिच्यासाठी धरलेला आकडा डग्लस यांचाच होता, कुटुंबामागे दहा एकर. आता तो छत झाला.

या दहा एकरांचे खरे मोल दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवल्यावर कळते. १८६० पासून या वसाहतीत कोणीही पात्र वसाहतकार पुरुष, मग तो एकटा का असेना, १६० एकर सरकारी जमिनीवर पूर्वहक्क, म्हणजे ती इतरांआधी आपल्या नावे धरून ठेवण्याचा हक्क, नोंदवू शकत असे. म्हणजे बाहेरून आलेल्या एका माणसाला सोळा आणे, तर पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या संपूर्ण कुटुंबाला एक आणा. १८७० च्या जमीनविषयक कायद्याने कॅस्केड पर्वतरांगेपलीकडे हा पूर्वहक्क ३२० एकरांवर नेला, तेव्हा त्या भागात एक आण्याचाही अर्धा आणा झाला. मूलनिवासींनीही वसाहतकारांसारखीच जमीन नोंदवावी, हा मार्ग डग्लस यांच्या काळात खुला होता. १८६६ च्या कायद्याने तोही बंद झाला. गव्हर्नरच्या खास लेखी परवानगीशिवाय मूलनिवासी माणसाला पूर्वहक्क नोंदवता येईना. दोन्ही बाजूंनी दार लागले, आणि त्या दोन्ही वेळी जमीन खात्याचे प्रमुख ट्रच होते.

फ्रेझरच्या खोऱ्यातील गावे उन्हाळ्यात बऱ्याच अंशी मोकळी दिसत. लोक सामन माशांच्या हंगामात नदीकाठच्या तळांवर जात, बेरी आणि कंद गोळा करायला डोंगरात जात, मजुरीलाही जात, आणि परत येत. वर्षाचा हा फेरा म्हणजेच त्यांची जमीनवहिवाट होती. एका दिवशी घोड्यावरून जाणाऱ्या मोजणीदाराला तीच जमीन रिकामी वाटली. शिवाय बटाट्याची शेती आणि गुरे या लोकांकडे होतीच व वाढत होती, त्यामुळे उपयोग नाही हा शेरा ट्रच यांच्याच कसोटीवरही पूर्ण टिकत नाही.

इतिहासाची नोंद

क्षेत्रे कापून झाल्यावर लंडनमध्ये मूलनिवासींच्या हितासाठी काम करणाऱ्या ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन सोसायटीकडे तक्रार गेली, आणि वसाहत कार्यालयाने नवे गव्हर्नर अँथनी मस्ग्रेव्ह यांच्याकडे विचारणा केली. उत्तराचे टिपण जानेवारी १८७० मध्ये ट्रच यांनीच लिहिले. ज्याच्या कामाविरुद्ध तक्रार, त्याच्याकडूनच खुलासा घेऊन तो पुढे पाठवण्यात आला. मूलनिवासींचा जमिनीवरील मूळ हक्क या वसाहतीच्या सरकारने कधीही मान्य केलेला नाही, असे ट्रच यांनी त्यात ठामपणे मांडले. मग डग्लस यांचे १४ करार काय होते? ट्रच यांच्या मते ती रक्कम सलोखा राहावा म्हणून दिलेली होती, हक्काच्या मोबदल्यात नव्हे. आता त्या करारांच्या मजकुरातच जमीन विकल्याची भाषा स्पष्ट आहे. तरीही मस्ग्रेव्ह यांनी टिपण लंडनला रवाना केले आणि तेथे ते मान्य झाले. पुढे प्रांतीय सरकारने हीच भूमिका शंभराहून अधिक वर्षे धरून ठेवली. मस्ग्रेव्ह यांची बहीण झोई हिचा विवाह त्याच वर्षी ट्रच यांचे बंधू जॉन यांच्याशी झाला. त्या छोट्या वसाहतीत सत्ता आणि सोयरीक एकमेकींच्या किती जवळ नांदत होत्या, ते यावरून दिसते.

ट्रच यांच्या राजकीय आयुष्याचा कळस याच वर्षी आला. कॅनडात सामील होण्याच्या अटी ठरवण्यासाठी जॉन हेल्मकेन आणि रॉबर्ट कॅरल यांच्यासह ते ओटावाला गेले. पंतप्रधान मॅकडोनल्ड आजारी असल्यामुळे बोलणी जॉर्ज-एतिएन कार्तिए यांच्याशी झाली, आणि वसाहतीच्या हातात अपेक्षेहून मोठे माप पडले : दोन वर्षांत सुरू होऊन दहा वर्षांत पुरी होणारी रेल्वे. केंद्राकडून मिळणारे अनुदान लोकसंख्येवर ठरणार होते, आणि त्यासाठी ६०,००० लोकसंख्या धरली गेली. प्रत्यक्षात १८७१ च्या सुमारास ती ३६,००० च्या आसपास होती आणि तिच्यात बहुसंख्य मूलनिवासी होते. पैसा मागताना ज्यांची डोकी मोजली गेली, त्या लोकांमधला एकही माणूस त्या टेबलाशी बसलेला नव्हता.

सामिलीकरणाच्या अटींतील तेरावे कलम मूलनिवासींविषयी आहे, आणि ते ट्रच यांच्याच हातचे असावे असे सामान्यतः मानले जाते. ब्रिटिश कोलंबिया सरकारने आजवर जितके उदार धोरण ठेवले, तितकेच उदार धोरण सामिलीकरणानंतर केंद्र सरकार चालू ठेवील, असे त्यात म्हटले आहे. ओटावातील लोकांना ‘आजवरचे उदार धोरण’ म्हणजे कुटुंबामागे दहा एकर हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षांत कॅनडा सरकार मैदानी प्रदेशात करार करत होते, तेथे १८७१ च्या पहिल्या करारात पाच माणसांच्या कुटुंबामागे १६० एकर आणि १८७३ च्या तिसऱ्या करारात ६४० एकर ठरले. १८७४ मध्ये केंद्रीय मंत्री डेव्हिड लेअर्ड यांना जेव्हा प्रकरणाचा तपशील कळला, तेव्हा त्यांनी आपल्या टिपणात लिहिले की या कलमात त्या धोरणाला ‘उदार’ म्हणणे ही मूलनिवासींच्या दाव्यांची जवळजवळ थट्टाच आहे. पुढच्या वर्षी ओटावाने प्रांताचा जमीनविषयक कायदाही मूळ हक्काच्या मुद्द्यावर नामंजूर केला. तोवर ट्रच लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे प्रांतातील राजसत्तेचे प्रतिनिधी, झाले होते, २० जुलै १८७१ रोजी कॅनडात सामील झालेल्या प्रांताचे पहिलेच. पहिल्या दीड वर्षात ते मंत्रिमंडळाच्या बैठकांना स्वतः बसत, आणि मॅकडोनल्ड यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी बजावले की आता मूळ हक्क विकत घेऊ लागलात तर आजवर येथे जे झाले ते सारे उलटवावे लागेल. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, आणि म्हणूनच ते इतके बोलके आहे.

उशिरा आलेल्या दोन साक्षी

१८७४ च्या जुलै महिन्यात फ्रेझरच्या खालच्या खोऱ्यातील आणि आसपासच्या प्रमुखांनी केंद्राचे अधिकारी इस्राएल पॉवेल यांना अर्ज दिला. आपल्या गावांसाठी आखलेली जमीन कापली गेली, काही ठिकाणी ती मोजणी करणाऱ्यांनी आपल्याला काही न विचारता केली, आणि आज कुटुंबामागे ८० एकर मिळाल्याशिवाय आपला निर्वाह होणार नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांची मागणी वसाहतकाराला मिळणाऱ्या जमिनीच्या निम्मीच होती. केंद्रानेही ८० एकर सुचवले होते. प्रांत २० वर अडला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॉवेल यांनी डग्लस यांना विचारले, आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने उत्तर पाठवले. राखीव क्षेत्रांसाठी एकरांचे ठरावीक प्रमाण आपण घातलेच नव्हते. जागा आणि तिचा विस्तार ठरवणे पूर्णपणे मूलनिवासींच्या इच्छेवर सोडले होते, आणि मोजणीदारांना त्यांच्या इच्छेप्रमाणे वागण्याची सूचना होती, असा त्याचा आशय आहे. दहा एकरांची अट कमीत कमी किती असावे यासाठी होती. मॅकॉल यांनी दहा वर्षांपूर्वी जे कळवले होते तेच डग्लस यांनी कळवले. मॅकॉल यांनी सूचनांचा अर्थ चुकीचा लावला नव्हता.

ट्रच यांच्या बाजूने जे म्हणता येईल तेही मांडले पाहिजे. ते एकटे नव्हते. वसाहतीतील वृत्तपत्रे, दंडाधिकारी आणि कायदेमंडळ यांचा कल तोच होता. सीमोर आणि मस्ग्रेव्ह या दोन गव्हर्नरांनी त्यांच्या शिफारशींवर सह्या केल्या. लंडनने डोळे मिटले. दुसरा कोणी त्या खुर्चीत असता तरी दबाव तोच असता. पण दबावाखाली निर्णय घेणे वेगळे आणि दबावाला कागदी आधार पुरवणे वेगळे. डग्लस यांच्यावरही वसाहतकारांचा दबाव होता आणि त्यांनी मॅकॉल यांना पाठवले. ट्रच यांनी त्या दबावाला मोजणीची, आकड्यांची आणि पूर्वपीठिकेची भाषा दिली, आणि ती भाषा इतकी व्यवस्थित होती की पुढच्या अधिकाऱ्यांना मूळ कागद उघडून पाहावेसे वाटले नाही. चांगला मोजणीदार असल्यामुळेच त्यांचा शब्द खरा मानला गेला.

लेफ्टनंट गव्हर्नरपदाची मुदत १८७६ मध्ये संपली. पुढे ट्रच केंद्राचे प्रतिनिधी म्हणून रेल्वेच्या कामकाजात राहिले, १८८९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि उतारवयात ते इंग्लंडला परतले. १९०४ मध्ये जन्म झाला त्याच सॉमरसेट परगण्यात त्यांचे निधन झाले. राखीव क्षेत्रांची फेरआखणी करण्याचे काम १८८० पासून १८९८ पर्यंत त्यांचे मेहुणे पीटर ओरायली यांच्याकडे होते. व्हिक्टोरिया शहरातील ट्रच यांच्या नावाचा रस्ता २०२२ मध्ये बदलला गेला. त्याला आता तेथील मूलनिवासींच्या लेक्वंगन भाषेतील ‘सत्य’ या अर्थाचा शब्द नाव म्हणून दिला आहे.

मूळ हक्काचा प्रश्न मात्र न्यायालयांत गेला. १९७३ मध्ये निस्गा या मूलनिवासी लोकांच्या कॅल्डर खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपैकी सहा जणांनी असा हक्क कायद्यात असू शकतो हे मान्य केले; तो पुढे संपुष्टात आला का, यावर ते तीन विरुद्ध तीन असे विभागले गेले. १८७० च्या टिपणातील मुख्य विधान तेथे प्रथमच उघडपणे हलले. निस्गा लोकांचा करार २००० मध्ये अमलात आला. आणि कॅमलूप्सच्या पूर्वेला १८६२ साली कॉक्स यांनी आखून दिलेल्या, चारच वर्षांत कापलेल्या क्षेत्राचा दावा नेस्कॉनलिथ, अ‍ॅडम्स लेक आणि लिटल शूस्वॉप या तीन समुदायांनी एकविसाव्या शतकात कॅनडाच्या इंडियन क्लेम्स कमिशन या, मूलनिवासींचे दावे तपासणाऱ्या आयोगापुढे मांडला. हद्दीचे खुंट कोठे होते आणि ते कोणाच्या शब्दावर रोवले गेले, याच प्रश्नावर तेथे पुन्हा जुने कागद उघडले गेले.